हमाल भाऊंच्या चार निवडणुका

विदर्भातल्या एका कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात बाजार समितीतला एक हमाल २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा विधानसभेच्या चार निवडणुका अपक्ष म्हणून लढला. चारही वेळा डिपॉझिट गेलं. यार्डात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. मतदारसंघाचं नाव आणि मतांचे आकडे देत नाही. आकडा दिला की मोबाइलवर दोन मिनिटांत माणूस सापडतो, आणि भाऊंना अजून एकदा उभं राहायचं आहे.

मी त्याच यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. म्हणजे हमालीचे दर ठरतात तेव्हा मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, शेटजींच्या मागे वही घेऊन बसलेला असतो. तरी २०१४ पासून भाऊंच्या निवडणूक खर्चाचा हिशेब माझ्याकडे आहे. शेटजींना हे माहीत आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की गादीवर बसून ते रजिस्टर उघडायचं नाही.

गरीब अपक्ष पडला, यात अभ्यासण्यासारखं काय, असं कोणी विचारेल. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या पाहणीनुसार २०१९ मध्ये राज्यात निवडून आलेल्या आमदारांपैकी ९३ टक्के कोट्यधीश होते. तेव्हा पैसा नव्हता म्हणून पडला, असं लिहून फाईल बांधता येते. पण भाऊंच्या चार निवडणुका ओळीने मांडल्या की दिसतं, दर वेळी त्यांची गाडी निराळ्या जागी अडली, आणि त्यातल्या काही जागा पैशाने सुटण्यासारख्या नव्हत्या. दुसरं असं, की पडूनसुद्धा त्यांच्या उभं राहण्यातून हमालांच्या पदरात काहीतरी पडत आलं आहे. ते कोणत्याच निकालपत्रात दिसत नाही.

अठरातली एक जागा

बाजार समितीच्या संचालक मंडळावर अठरा जण असतात. अकरा सेवा सहकारी सोसायट्यांतून, चार ग्रामपंचायतींतून, दोन अडते-व्यापाऱ्यांतून आणि एक हमाल-मापाऱ्यांतून. त्या एका जागेवर भाऊ निवडून आले होते. मतदार म्हणजे परवानाधारक हमाल आणि मापारी, रोज एकाच शेडमध्ये चुंगड्या उचलणारे. प्रचार हर्रासीच्या आधीच्या चहावर झाला. कोणाचं कोणाशी जमत नाही, कोणाच्या पोरीचं लग्न आहे, कोणाचा खांदा कामातून गेला आहे, हे भाऊंना पाठ होतं.

पण मंडळात एक मत भाऊंचं आणि सतरा बाकीच्यांची. दरवाढीचा विषय निघाला की सगळे माना डोलवायचे आणि विषय पुढच्या सभेवर जायचा. माथाडी कायदा १९६९ चा. हमालाला भविष्य निर्वाह निधी, बोनस, जखमी झाला तर भरपाई, हे सगळं त्या कायद्यातून मिळू शकतं. आमच्या यार्डात मात्र माथाडी मंडळाकडे नोंद नसलेलेच हमाल जास्त. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चे नेऊन झाले. टेकडी रोडवर पोलीस अडवतात, चार जणांचं शिष्टमंडळ आत जातं, कोणत्या तरी मंत्र्याच्या पीएच्या हातात निवेदन पडतं आणि रात्रीच्या गाडीने सगळे परत. अशाच एका परतीच्या प्रवासात भाऊ म्हणाले म्हणे, "कायदा थ्या सभागृहात होते, तं आपुनच तिकडे काऊन नाई जाव?"

२००९ ला तसं निमित्तही होतं. मतदारसंघांची फेररचना होऊन ती पहिलीच विधानसभा निवडणूक होती. विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या होत्या, आमच्या मतदारसंघाच्या सीमा हलल्या होत्या आणि जुन्या पुढाऱ्यांची गावं इकडची तिकडे गेली होती. जागा मोकळी आहे, असं भाऊंना वाटलं.

दहा सूचक आणि एक नोटीस

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासह. दहा माणसं गोळा करणं भाऊंना अवघड नव्हतं. अडचण अशी, की त्यांतल्या काहींना सही येत नव्हती. अंगठा चालतो, पण तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर उमटवावा लागतो. म्हणजे ऐन सोयाबीनच्या आवकीत तेवढ्या जणांनी एक दिवसाची हमाली बुडवून तहसीलच्या व्हरांड्यात बसायचं. बसले. डिपॉझिट तेव्हा पाच हजार होतं. अनुसूचित जाती-जमातींना त्यात निम्मी सूट असते, पण भाऊ ओबीसी, त्यामुळे पूर्ण भरावं लागलं. हमालांनी वर्गणी काढली.

चिन्ह मिळालं कपबशी. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह त्याच्या जन्माआधीपासून भिंतीवर असतं. अपक्ष अर्जात तीन चिन्हांची पसंती लिहितो आणि माघारीची मुदत संपल्यावर त्याला एक मिळतं. तिथून प्रचार थांबेपर्यंत हातात साधारण दोन आठवडे. तेवढ्यात तीनशेच्या वर बूथ असलेल्या मतदारसंघात चिन्ह पोचवायचं. त्या वेळी कपबशी यार्डाच्या आजूबाजूच्या गावांपलीकडे गेलीच नाही.

डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दोन लाख मतं पडली तर तेहतीस हजारांच्या वर. भाऊ त्याच्या जवळपासही नव्हते. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं नाही. खरा घोळ नंतर झाला. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्या गर्दीत ते ऐकू आलं नसेल. नोटीस आली. हिशेब दिला नाही आणि कारणही पटलं नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. डिपॉझिटपेक्षा ही शिक्षा कितीतरी मोठी. सुतळीने बांधलेल्या पावत्या घेऊन भाऊ माझ्याकडे आले ते तेव्हा. उशिराचं कारण देऊन हिशेब सादर केला, आणि ते वाचले. दर निवडणुकीनंतर अपात्र ठरलेल्यांच्या याद्या निघतात. त्यांतली बरीच नावं अशाच माणसांची असतील, असा माझा अंदाज आहे. पडलेल्या अपक्षाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं, व्हाउचर कोण लावत बसतो?

पांढरी, गुलाबी आणि पिवळी पानं

२०१४ ला डिपॉझिट दहा हजार झालं होतं आणि खर्चाची मर्यादा २८ लाख. भाऊंचा सगळा खर्च दोन लाखांतही जात नव्हता. पण रजिस्टर सगळ्यांना सारखंच. रोजच्या खर्चाची पांढरी पानं, रोकड वहीची गुलाबी, बँक खात्याची पिवळी. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं. प्रचाराच्या काळात तीनदा ते तपासून घ्यायचं. समोर निवडणूक यंत्रणेचं स्वतःचं एक रजिस्टर असतं. त्यात व्हिडिओ पथकाने जे टिपलं, ते दरपत्रकाप्रमाणे लिहिलेलं असतं. खुर्ची अमुक, चहा तमुक, जेवणाची थाळी इतकी. ओळखीच्या माणसाने फुकट दिलेली गाडीसुद्धा दराप्रमाणे धरतात. भाऊंसाठी एका छोटा हत्तीवाल्याने फक्त डिझेलवर गाडी फिरवली होती. कागदावर ती त्यांच्या खर्चातली सगळ्यात मोठी रक्कम ठरली.

दुसऱ्या तपासणीला थाळ्यांवरून वाद झाला. एका गावातल्या सभेनंतर देवळाच्या ओट्यावर माणसं जेवताना दिसत होती. पथकाने डोकी मोजून थाळ्या लावल्या होत्या. प्रत्यक्षात बायकांनी घरून ज्वारीची भाकर, ठेचा आणि अंबाडीची भाजी बांधून आणली होती, भाऊंचा एक रुपया त्यात नव्हता. मी तावातावाने सांगायला लागलो. टेबलापलीकडचे साहेब शांत माणूस. ते म्हणाले, तुमची मर्यादा २८ लाख, तुम्ही भाकरीसाठी कशाला भांडता? बरोबर होतं त्यांचं. मी फरक मान्य केला आणि सही केली. भाऊंच्या अधिकृत खर्चात त्या दिवसाच्या थाळ्या आजही आहेत. बाहेर आल्यावर भाऊ एवढंच म्हणाले, की ज्यांची कोंबडी शिजली ते कोणाच्या रजिस्टरात आहेत?

ती निवडणूक भाऊंची सगळ्यात चांगली गेली. २५ सप्टेंबर २०१४ ला एकाच दिवशी युती तुटली आणि आघाडीही तुटली. अर्ज भरायची मुदत दोन दिवसांवर. चारही मोठे पक्ष वेगवेगळे, शिवाय आमच्याकडे हत्तीचं, म्हणजे बसपाचं, ठरलेलं मतदान. मतं इतकी फाटली, की भाऊंना पडलेली मतं पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारातल्या फरकापेक्षा जास्त निघाली. चिन्ह शिट्टी होतं, तेही बरं. हमालांची पोरं गावोगाव शिट्ट्या वाजवत फिरली. ज्या मुलखात शिट्टी फिरली नाही, तिथल्या काही बूथवर मात्र भाऊंपेक्षा नोटाला जास्त मतं होती.

बूथनिहाय निकालाचा तक्ता, ज्याला नमुना २० म्हणतात, तो मी काढून आणला आणि पेन घेऊन बसलो. भाऊंची मतं सभांच्या मागे गेलेली नव्हती. जिथे हमालांची घरं होती, जिथून यार्डात माणसं कामाला येत होती, तिथे मतं होती. यार्डापासून अंतर वाढलं की मतं आटत गेली, मग तिथे सभा कितीही मोठी झालेली असो. वाजतगाजत झालेल्या एका सभेच्या गावात तर बोटांवर मोजण्याइतकी मतं. लोक जमले होते, कारण भाऊ बोलतात फक्कड.

इथे थोडं मागे जाऊन बोललं पाहिजे. विदर्भाने कष्टकऱ्यांची माणसं निवडून दिलीच नाहीत, असं नाही. १९५७ ला नागपुरातून ए. बी. बर्धन अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. १९८९ ला अमरावतीतून सुदाम देशमुख आणि १९९१ ला वर्ध्यातून रामचंद्र घंगारे लोकसभेत गेले, दोघेही लाल बावट्याचे. बर्धन यांच्या काळात नागपूरला एम्प्रेस मिल होती. पुलगाव, हिंगणघाट, बडनेरा, अचलपूर, सगळीकडे गिरण्या होत्या. एका भोंग्यावर हजारो माणसं एका फाटकातून आत जायची आणि एकाच वस्तीत राहायची. तिथे युनियन म्हणजे बूथच. आमचा हमाल, जिनिंगमधला मजूर, वेचणीला जाणारी बाई, यांना एकत्र बांधणारं फाटकच नाही. भाऊंच्या युनियनमध्ये यार्डातले हमाल आहेत, पण त्यांच्या बायका तिसऱ्याच्या शेतात आणि पोरं पुण्याला चाकणच्या कंपन्यांत. मतदार यादीत सगळे असतात, मतदानाच्या दिवशी नसतात.

मधली पायरी

फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक लागली. भाऊंच्या गावाचा गण, म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ, महिलेसाठी राखीव निघाला. वहिनी तयार नव्हत्या. कापसाचा शेवटचा वेचा सुरू होता आणि घरात एक माणूस निवडणुकीपायी पुरे, असं त्यांचं मत. शेवटी बचतगटातल्या बायकांनी उभं केलं. त्या थोडक्या फरकाने दुसऱ्या आल्या. त्या गणातल्या गावांतून भाऊंना विधानसभेला कधी मिळाली नव्हती, इतकी मतं वहिनींना मिळाली. मतदारही तेच होते आणि बूथही तेच.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे. गणातली गावं पायी फिरता येतात. तिथे चिन्ह लक्षात ठेवायची गरज पडत नाही, माणूस लक्षात असतो. आणि "निवडून येत नाई तं मत वाया कायले घालवाचं" हा प्रश्न, जो भाऊंना विधानसभेच्या प्रत्येक दारावर ऐकावा लागतो, तो तिथे कोणी विचारला नाही.

पण तिथे पाय टाकायचा म्हटलं तर पायरीच गायब. विदर्भातल्या आमच्यासारख्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकचेरीत निवडणुका रखडल्या. तेव्हापासून प्रशासक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. दरम्यान विधानसभेची एक निवडणूक होऊनही गेली. पाच-सहा गावं सांभाळून दाखवायची संधी कायद्याने काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, एकदम आमदारकीचं स्वप्न पाहतो. हे मी आमच्या दुकानातच ऐकलेलं आहे.

जाहिरात

२०१९ च्या निवडणुकीत भाऊंना अडवलं एका चांगल्या नियमाने. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की उमेदवारावर गुन्हे असतील तर ते त्याने स्वतः वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करावेत. आयोगाने तीनदा जाहिरात द्यायचा नियम केला. गुंडांना आळा बसावा म्हणून. भाऊंवर गुन्हे होतेच. हमालीच्या दरासाठी आणि सोयाबीनच्या भावासाठी केलेल्या रास्ता रोकोचे. बेकायदा जमाव, वाट अडवणं, जमावबंदी मोडणं. आमच्याकडे आंदोलन करणाऱ्या कोणाच्याही नावावर हे असतं.

तर भाऊंनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाने, स्वतःचे गुन्हे छापून आणले. तो खर्चही त्यांच्याच रजिस्टरात. जाहिरातीत कलमांचे आकडे असतात, त्यामागची हकिकत नसते. कलम १४३ आणि ३४१ म्हणजे काय, हे गावात कोणाला कळणार? दुसऱ्या दिवशी त्या कात्रणाचा फोटो तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता, खाली लिहिलेलं, "पाहा तुमचे भाऊ." यार्डातल्या लोकांना हसू आलं, कारण त्यांतले निम्मे त्याच गुन्ह्यांत सहआरोपी होते. लांबच्या गावांत मात्र हसण्यावारी गेलं नाही.

त्याच वेळी भाऊंच्याच नावाचा आणि आडनावाचा आणखी एक उमेदवार उभा राहिला. कोणी उभा केला, ते सगळ्यांना माहीत होतं, दाखवता कोणालाच आलं नसतं. मतदान यंत्रावर अपक्षांची नावं अक्षरांच्या क्रमाने लागतात, त्यामुळे दोघे एकाखाली एक. २०१५ पासून यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो, तो नसता तर आणखी मतं गेली असती. चिन्ह मिळालं ऑटोरिक्षा. कपबशी गेली, शिट्टी गेली, आता ऑटो. प्रचारात म्हातारी माणसं विचारायची, "भाऊ, शिट्टीच ना?" पोरं सांगून सांगून थकली.

आणि २०१४ च्या निकालाने आणखी एक गोष्ट केली होती. भाऊंची मतं फरकापेक्षा जास्त, हे दोन्ही बाजूंनी पाहून ठेवलं होतं. अर्ज भरायच्या आधी एकीकडून निरोप आला, बसा. दुसरीकडून आला, उभे राहा, खर्चाचं आम्ही पाहतो. भाऊंनी दोन्ही निरोप युनियनच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितले. माझ्या मते त्यांच्या राजकारणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ती. तरी "सुपारी घेतली" हा शब्द चिकटायचा तो चिकटलाच. मतं खाणारा म्हणून ओळख व्हायला निवडून यावं लागत नाही, पण ती पुसायला मात्र यावं लागतं.

दुसरं मशीन

२०२४ ला मतदान २० नोव्हेंबरला होतं. कापसाच्या वेचणीचा भर. वेचणीचा दर किलोमागे दहा-बारा रुपये. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि यार्डात भाव त्याच्या खाली. भाऊंना वाटलं, या वेळी सोयाबीनवर बोलावं. बोललेही. पण लोकसभेनंतर दोन आघाड्या समोरासमोर ठाकल्या होत्या. बायांच्या खात्यात लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० येत होते, आणि ते चालू राहतील की बंद होतील, की दुसऱ्या बाजूने वाढतील, याच्यावरच घराघरात बोलणं. अपक्षाच्या बोलण्याला फटच नव्हती. अचलपुरात २००४ पासून सलग चारदा निवडून आलेले बच्चू कडूसुद्धा त्या वेळी पडले, तिथे भाऊंचं काय घेऊन बसलात.

शिवाय उमेदवार जास्त. एका मशीनवर नोटा धरून सोळा नावं बसतात. पंधराच्या वर उमेदवार गेले की दुसरं मशीन जोडतात. वर राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष आणि सगळ्यात शेवटी अपक्ष. भाऊ दुसऱ्या मशीनवर गेले. त्यांच्या गावची एक आजी मत देऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मशीन दोन होत्या, म्या पहिलीवर सारं पायलं, तुहा फोटो नाई दिसला बाप्पा." मग काय केलं, ते तिने सांगितलं नाही. चिन्ह या वेळी शिलाई मशीन होतं, त्याने "मशीन" शब्दाचा आणखी घोळ झाला. कोणत्या मशीनवरची मशीन?

मतदानाच्या दिवशीचा खरा तिढा पोलिंग एजंटांचा. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी यंत्राच्या चाचणीसाठी अभिरूप मतदान होतं. म्हणजे पहाटे साडेपाचला एजंट बूथवर हवा. संध्याकाळी बंद झाल्यावर किती मतं पडली, त्याचा १७ क नमुना एजंटच्या हातात मिळतो. एजंट नसला तर तो कागदही नाही. पक्षाचा एजंट येतो त्याच्या मागे गाडी, डबा आणि दिवसाचं काहीतरी असतं. भाऊंकडे निम्म्याहून जास्त बूथवर माणूसच नव्हता.

मतदानाच्या दिवशी पगारी सुटी द्यावी, असं लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम आहे, रोजंदारीवाल्यालाही ते लागू आहे. पण हमालाला मालक कोण? अडत्या म्हणतो हमाल समितीचा. समिती म्हणते आम्ही फक्त परवाना देतो. व्यापारी म्हणतो मी चुंगडीमागे पैसे देतो. यार्ड बंद म्हणजे हमाली बंद. पगारी सुटीचा दिवस हमालाला बिनपगारी जातो, आणि त्याच दिवशी त्याने भाऊंसाठी पहाटेपासून बूथवर बसावं, अशी अपेक्षा.

मग उभं कशाला राहायचं

हा प्रश्न मी भाऊंना सरळ विचारला आहे. त्यांचं उत्तर ऐकून मी दुकानातल्या जुन्या वह्या चाळल्या. हमालीच्या दराच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं लोंबकळतात, हे मी पलीकडच्या खुर्चीवरून पाहत आलो आहे. पण २०१४, २०१९ आणि २०२४, तिन्ही वर्षी वाढ ठरली ती विधानसभेच्या आधी. भाऊ उभे राहणार अशी कुणकुण लागली, की ज्यांच्या घरात उमेदवारी आहे असे संचालक स्वतः पुढाकार घेतात. सतरा माना तेव्हा खरोखर हलतात. एका वर्षी यार्डात हमालांसाठी शेड आणि पाण्याची टाकी झाली, तीही अशीच. जखमी हमालाच्या दवाखान्याचं बिल अडलं तर भाऊंचा फोन आता उचलला जातो. भाऊंच्या हिशेबात दहा हजारांचं डिपॉझिट ही युनियनची पाच वर्षांची फी आहे.

हे मला पूर्ण पटत नाही. एक तर धमकी तेव्हाच चालते, जेव्हा मतं फरकाच्या आसपास असतात. २०१४ ला होती, २०१९ ला कमी झाली, २०२४ ला आणखी कमी. आकडा असाच उतरत गेला तर पुढच्या वेळी कोणी वाटाघाटीला येणार नाही. दुसरं, घराचं. दर निवडणुकीत भाऊंची महिनाभराची हमाली बुडते, तीही हंगामाच्या महिन्याची, ज्यावर त्यांचा उन्हाळा निघतो. २०१९ ला वहिनींनी बचतगटातून घेतलेलं कर्ज २०२१ पर्यंत फिटत होतं. हे त्या कोणासमोर बोलत नाहीत. मला माहीत, कारण गटाची वहीही मीच तपासून देतो. खर्चाच्या रजिस्टरात, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या कुठल्याच पानावर बुडालेल्या मजुरीचा रकाना नाही.

२०२४ चा हिशेब तीस दिवसांच्या आत दिला, पोच घेतली, खातं बंद केलं. त्यानंतर जानेवारीत युनियनच्या खोलीवर बैठक झाली. मी मांडलं, की विधानसभा एकदा सोडा. गणातली गावं धरा. नमुना २० मध्ये जिथे आपली मतं दिसतात, त्या प्रत्येक बूथवर दोन माणसं कायमची नेमा, एक पुरुष आणि एक बाई, आणि त्यांच्या दिवसाच्या मजुरीसाठी आतापासून चुंगडीमागे पाच पैसे बाजूला टाका. तरुण हमालांना हे पटलं. एक जण म्हणाला, वहिनींनाच पुन्हा उभं करू. वहिनी तिथे नव्हत्या, त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

भाऊंनी बूथची गोष्ट मान्य केली. पाच पैशांची कपात मार्चपासून सुरू झाली आहे, वही माझ्याकडे आहे आणि शेटजींच्या अटीप्रमाणे ती दुकानाबाहेर ठेवतो. विधानसभा सोडायला मात्र ते तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, गण राखीव निघेल की खुला, हे सोडतीच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी कधी निघेल हे कोर्टावर. विधानसभा दर पाच वर्षांनी येतेच. मी म्हटलं, निदान एखाद्या पक्षात जा, कायमचं चिन्ह तरी मिळेल. त्यावर बराच वाद झाला. तो अजून मिटलेला नाही. सध्या कोणत्या गावात कोणती दोन माणसं, याची यादी करणं चालू आहे, आणि यार्डापासून लांबच्या पट्ट्यातले रकाने अजून कोरे आहेत.